साळजाईची चाल

"तुमचं नाव हणमंत चौगुले ना?"

"नाही."

"हा तुमचा मुलगा, प्रबोध?"

"नाही."

"पाणी देऊ?"

"नाही," म्हणत अण्णांनी डावा हात पुढे केला, माझ्या हातातला पेला घेतला आणि घटाघटा पाणी पिऊन टाकलं.

पलंगाच्या पायथ्याशी उभा असलेला प्रबोध हसला. ते हसू फार टिकलं नाही. "मॅडम, जन्मभर हाच शब्द वापरला त्यांनी," तो म्हणाला. "नेमका तेवढाच शिल्लक राहिलाय."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा इचलकरंजीत स्पीच थेरपिस्ट म्हणजे कोण, हे लोकांना समजावून सांगावं लागे. 'बोलायला शिकवणाऱ्या मगदूम मॅडम' एवढीच माझी ओळख होती. अर्धांगाचा झटका आलेली माणसं, त्यांची घरं, त्या घरांतले औषधांचे आणि फिनेलचे वास. स्कूटरवरून एका दारातून निघायचं आणि दुसऱ्या दारात उभं राहायचं. प्रत्येक दारात तोच प्रश्न, "बोलतील ना हो?" होय म्हणायची सोय नव्हती, नाही म्हणायची हिंमत नव्हती. 'बघू या' म्हणून म्हणून माझीच जीभ थकली होती.

अण्णांच्या मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला होता. उजवा हात आणि पाय लुळे पडले होते, वाचा गेली होती. आपण बोललेलं त्यांना बऱ्यापैकी कळत होतं. स्वतःच्या मनात काय आहे तेही त्यांना ठाऊक असणार. मनापासून तोंडापर्यंतचा रस्ता तेवढा खचला होता. तोंड उघडलं की दर वेळी तोच एक शब्द बाहेर पडे, आणि हे कोण बोललं म्हणून अण्णाच चमकून बघत.

गावात त्यांना ओळखत नाही असा माणूस नव्हता. तरुणपणी ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. पुढे कामगार संघटनेत गेले. खांडेनवमीला सगळ्या कारखान्यांत मागांना हार घालतात, नारळ फोडतात. अण्णा आपल्या खात्यातल्या मागांच्या जवळ कुणाला येऊ देत नसत. "हार नको, तेल घाला," म्हणत. कुठे कुणाच्या अंगात आलं, कुठे फोटोतून विभूती पडायला लागली, की अण्णा सायकल काढून तिथे हजर. पोरांची नावं त्यांनी प्रबोध आणि समता ठेवली होती. घरात देव्हारा नव्हता. बायको, शेवंताकाकी, झटक्याच्या आधी काही वर्षं गेल्या होत्या. भिंतीवरच्या त्यांच्या फोटोलाही हार नव्हता.

प्रबोधचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. तो सगळा बापाच्या वळणावर गेलेला. समता गडहिंग्लजच्या एका घरात पडली होती. लग्न तिनं स्वतः जमवलं होतं. सासर देवाधर्माचं. अण्णा तेव्हा म्हणाले होते, "कोर्टात लग्न कर, पहिली सही माझी. देवळात करणार असशील तर मला बोलावू नकोस." लग्न देवळात झालं आणि अण्णा गेले नाहीत. पुढे ती माहेरी येई ती आईपुरती. आई गेल्यावर येणं जवळजवळ थांबलं. झटका आल्याचं कळलं तशी मात्र नवऱ्यावर पोरं सोपवून ती बॅग भरून आली, ती राहिलीच.

भाऊ-बहिणीचं पटत नव्हतं असं नाही. अंघोळ घालणं, कूस बदलणं, डायपर, औषधं, सगळं दोघं मिळून करत. पण काम संपलं की सुरू व्हायचं.

"देवानंच वाचवलं यांना," समता म्हणायची.

"डॉक्टरनं वाचवलं."

"मग डॉक्टर कुणी दिला?"

"मेडिकल कॉलेजनं."

आणि पलंगावरून अण्णा म्हणायचे, "नाही." दोघंही तो शब्द आपल्या बाजूनं घ्यायचे.

गाणं मी पहिल्यांदा ऐकलं ते एका संध्याकाळी, वीज गेली तेव्हा. त्या गल्लीत दिवसभर मागांचा खडखडाट असतो. इतका, की तो आहे हे माणूस विसरतं. वीज गेली की सगळे माग एकदम थांबतात आणि मग एखाद्यानं कानावर हात ठेवावेत तशी शांतता पडते. समतानं अंधारात चाचपडत एक पणती लावली आणि उंबऱ्याशी आणून ठेवली. प्रबोध मेणबत्ती शोधत होता, त्यामुळे तो काही बोलला नाही. मी अण्णांचा डावा हात हातात घेऊन बसले होते.

त्यांनी दाराकडे पाहिलं आणि ते गायला लागले.

"दिवा लागला दारात, साळजाई आई ये गं,
लेकरांच्या उशाखाली तुझा हात ठेव गं."

आवाज घोगरा होता, पण एकेक शब्द स्वच्छ होता. कुठे अडखळणं नाही. दोन ओळी संपल्या, पुन्हा त्याच म्हटल्या, आणि ते थांबले. डोळ्यांतून पाणी येत होतं.

समता जागच्या जागी खाली बसली. तिनं हात जोडले होते. प्रबोध न पेटवलेली मेणबत्ती घेऊन दारात उभा.

"कुठलं गाणं आहे हे?" मी विचारलं.

"कधी ऐकलं नाही," प्रबोध म्हणाला. "साळजाई अण्णांच्या मूळ गावची देवी. आजऱ्याकडे, डोंगरात. आम्हाला तिकडे कधी नेलंच नाही त्यांनी."

"अण्णा, पाणी हवं का?" समतानं रडत विचारलं.

"नाही," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी दोघांना समोर बसवून सांगितलं. असं होतं. ज्याला पाणी मागता येत नाही असा माणूस अख्खी प्रार्थना म्हणतो, पाढे म्हणतो, शिव्या देतो. बोलणं मेंदूत एकीकडे घडतं; लहानपणी सुरात पाठ झालेलं दुसरीकडे साठलेलं असतं. तो भाग यांचा शाबूत आहे.

प्रबोधचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे टेपरेकॉर्डर. बटण दाबलं, वाजला."

"मग डोळ्यांत पाणी कशानं आलं?" समता.

"झटक्यानंतर रडूही लवकर येतं," मी म्हटलं. "कधी कधी कारण नसताना येतं."

"आणि कधी कधी कारण असताना?"

"तसंही येतं."

"मॅडम, तुम्ही स्वतः देव मानता की नाही?" तिनं सरळच विचारलं.

"मी जैन आहे. आमच्यात देव आहेत, पण त्यांनी जग केलेलं नाही आणि ते कुणाला काही देतही नाहीत."

दोघांनीही माझ्याकडे निराश होऊन पाहिलं. मी कुणाच्याच कामाची नव्हते.

खरं तर मला वेगळंच सांगायचं होतं. गाण्याची ही वाट धरून काही माणसांना थोडं बोलतं करता येतं. माणसाचा डावा हात हातात धरायचा, त्यावर ठेका द्यायचा, त्याच चालीत हळूहळू दुसरे शब्द बसवायचे. आज 'साळजाई आई ये गं', महिन्यानं 'पाणी दे गं'. पुढे चाल पुसट करत न्यायची. सगळ्यांना जमत नाही. जमलं तर चार वाक्यं तरी हाती लागतात. पलंगावरच्या माणसाला चार वाक्यं म्हणजे पुष्कळ असतात.

"नाही," प्रबोध म्हणाला, अगदी बापासारखा. "अण्णांकडून रोज देवीची आळवणी करून घेणार? शुद्धीत असते तर त्यांनी तुम्हाला घराबाहेर काढलं असतं."

"ते शुद्धीतच आहेत, प्रबोध."

"मग दुसरं गाणं घ्या. संघटनेची गाणी त्यांना तोंडपाठ आहेत. किती मोर्चांत म्हटलीत."

आम्ही तीही करून पाहिली. प्रबोध स्वतः माझ्यासोबत बसून, बापाचा हात धरून, मोर्चातल्या घोषणा आणि गाणी म्हणायचा. आवाज चांगला होता त्याचा. अण्णा लक्ष देऊन ऐकत. ओठ हलवत. आणि बाहेर यायचं, "नाही." आठवडाभर त्यानं प्रयत्न केला. शेवटच्या दिवशी त्यानं बापाचा हात हळूच चादरीवर ठेवला आणि म्हणाला, "करा तुमचं तेच. पण दार लावून."

दार लावून आम्ही सुरू केलं. आधी नुसती चाल. मग गाणं. मग 'ये गं'च्या जागी 'दे गं'. अण्णा घामाघूम होत. मीही. एखादा दिवस सगळं विसरून जात आणि 'नाही'वर परत येत, मग पुन्हा पहिल्यापासून. समता दारापाशी बसून भाजी निवडत असे. अधूनमधून तिचेही ओठ हलत. पण तिचे शब्द साळजाईचेच असत. एका सकाळी, ऊन खिडकीतून आत आलं होतं, अण्णांनी माझ्या हातातून आपला हात सोडवला आणि तांब्याकडे बोट करून त्या चालीत म्हटलं, "पाणी... दे गं."

समतानं पाणी दिलं. घाईत अर्धं पांघरुणावर सांडलं.

हे असंच चालू राहिलं असतं. पण गडहिंग्लजहून समताची आतेसासू भेटायला आली आणि त्याच वेळी अण्णा मूळ गाणं म्हणत होते. त्या बाईनं मोबाइल काढला. दोन दिवसांत ते सगळ्या गावाच्या फोनवर होतं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'जन्मभर देव नाही म्हणणारे चौगुले अण्णा अखेर देवीला शरण.'

लोक यायला लागले. कुणी गाणं ऐकायला, कुणी अंगारा घेऊन. समता सगळ्यांना आत घेई, चहा करी. संघटनेतले म्हातारे मात्र दारातच उभे राहत आणि विचारपूस न करता परत जात. आत आले ते एकटे बाबालाल शिकलगार. अण्णांचा मागावरचा जोडीदार. पाच वेळचा नमाजी माणूस. देव आहे की नाही यावर दोघांनी उभी हयात भांडण केलं होतं, आणि त्या भांडणात कधी चहा चुकला नव्हता. ते खुर्ची ओढून बसले, अण्णांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"मॅडम," ते मला म्हणाले, "गडी वाकला म्हणत्यात लोक. खरं हाय?"

"मला नाही सांगता येणार, चाचा."

"मग नगाच सांगू. माझ्या देवाला ह्यो न वाकणाराच बरा वाटत असंल." ते उठले. जाताना दारात थांबले, डोळे पुसले आणि निघून गेले.

त्या दुपारी प्रबोध आला तो मोबाइल पुढे धरूनच.

"हे कुणी काढलं?"

"आत्यांनी. मी सांगितलं नव्हतं त्यांना," समता म्हणाली.

"दार तर तूच उघडलंस."

"पाहुणे आले तर दार उघडायचं नाही?"

"दुकानात पोरं मला विचारतायत, काय मालक, आता तुमच्यात पण घट बसणार का? मॅडम, उद्यापासून हे गाणं बंद. दुसरं काही शिकवा, नाहीतर शिकवू नका."

"दुसरं काही निघत नाही त्यांच्या तोंडून."

"मग मुके राहू देत!"

हे तोंडातून गेल्यावर तो स्वतःच दचकला. अण्णा भिंतीकडे बघत होते.

"ऐकलंत, अण्णा?" समता म्हणाली. "तुम्ही मुके झालात तर याला चालेल. देवाचं नाव घेतलेलं नाही चालायचं."

"नाव ते घेत नाहीयेत! मेंदू घेतोय!"

"आणि मेंदू काय शेजारच्यांचा आहे? मी त्यांना साळजाईला घेऊन जाणार आहे. गाडी ठरवणार आणि नेणार. आयुष्यभर दाबून ठेवलेलं बाहेर आलंय त्यांच्या."

"दाबून नव्हतं ठेवलं, टाकून दिलं होतं. विचार करून टाकून दिलं होतं. तुला तेवढंही मानायचं नाही?" तो माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्ही सांगा. एकदाच काय ते सांगून टाका हिला."

"हो, सांगाच," समता म्हणाली.

मी खूप दमले होते. सकाळपासूनचं तिसरं की चौथं घर होतं ते. "गाणं मेंदूतल्या कुठल्या भागातून येतं ते मला माहीत आहे," मी म्हटलं. "गाताना त्यांच्या मनात काय असतं, ते मला दिसत नाही. कुणालाच दिसत नाही."

"बघ, शास्त्रालासुद्धा माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे देवी आहे असं होत नाही, समता!"

"त्यांनाच विचारू या मग."

"विचारू नका," मी म्हटलं. "त्यांच्या 'नाही'ला अर्थ नाही, तुम्हाला दोघांनाही मी कितीदा..."

पण प्रबोध पलंगाशी गुडघ्यावर बसला होता. "अण्णा. देव आहे का?"

"नाही."

त्यानं बहिणीकडे पाहिलं. ती दुसऱ्या बाजूनं आली. "अण्णा, देव नाही असं तुमचं म्हणणं आहे का?"

"नाही."

"ऐक आता."

"उलटा प्रश्न विचारलास तू!"

"अण्णा," समता म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. पुढचा प्रश्न तिनं ठरवून विचारला असेल असं मला वाटत नाही. "अण्णा, मी आलेली आवडलं ना तुम्हाला?"

"नाही," अण्णा म्हणाले.

आणि लगेच त्यांची मान जोरजोरात हलायला लागली, डावा हात तिला शोधत हवेत फिरायला लागला. "नाही, नाही," ते घाबरून म्हणत होते. तो शब्द दुरुस्त करायलाही त्यांच्याकडे तोच शब्द होता. समताला हे माहीत होतं. मी तिला समजावलं होतं. तरीही ती एक पाऊल मागे सरकली आणि तिचा चेहरा पडला तो पडलाच.

प्रबोध उठला नाही. पलंगाला पाठ टेकून तो फरशीवर बसला.

"तुला एक सांगितलं नाही मी," तो म्हणाला. "आई गेली तेव्हा तू बाळंतीण होतीस. शेवटच्या दिवसांत तिनं मला जवळ बोलावलं. म्हणाली, साळजाईला जा आणि माझ्या नावानं ओटी भरून ये. एकदाच. या घरात येऊन मी त्या देवीचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. अण्णांना सांगू नको म्हणाली."

समता त्याच्याकडे वळली.

"मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, मरणाच्या भीतीनं माणूस काहीही मागतं, म्हणून आपण खोट्याला खरं म्हणायचं नसतं. मला पटलं. मीच जाऊन आईला सांगितलं, देवीबिवी काही नसतं गं. ती बरं म्हणाली. परत नाही मागितलं तिनं." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "आणि आता हे रोज त्याच साळजाईला ये म्हणतात. तू म्हणतेस तसं हे खरं असेल, समता, तर मी तिला कशासाठी नाही म्हटलं?"

बाहेर माग चालू होते. अण्णा रडत होते. "नाही, नाही, नाही," असं सारखं चाललं होतं. मी वाकलो नाही, की रडू नको, की मी चुकलो, की तू चुकला नाहीस; त्यातलं काय ते म्हणत होते, ते अण्णाच जाणोत.

मला वाटलं समता आता भावाला सोडायची नाही. आईची शेवटची मागणी तिला आज कळत होती. ती पलंगाच्या कडेला बसली, फार लांबून चालत आलेलं माणूस बसतं तशी. 

"आजीचं गाणं असेल ते," ती म्हणाली.

प्रबोधनं वर पाहिलं.

"आजी दिवा लावताना म्हणत असेल. लहान पोराच्या कानावर पडलं, राहिलं. त्यात देवी कुठून आली?"

प्रबोध इतके दिवस हेच सांगत होता.

"तुला खरंच असं वाटतं?" त्यानं विचारलं.

"मला आता काही वाटत नाही. दमले मी. ऊठ, त्यांचं तोंड पूस."

तो उठला. टॉवेल ओला करून आणला आणि बापाचं तोंड पुसलं. मी माझी पिशवी घेऊन बाहेर पडले. स्कूटर सुरू व्हायला त्या दिवशी फार किका माराव्या लागल्या.

दुसऱ्या सकाळी जावं की जाऊ नये कळेना. गेले. समतानं दार उघडलं आणि रोजच्यासारखी खुर्ची सरकवून दिली. मी अण्णांचा हात हातात घेतला. चाल सुरू केली तसा प्रबोध आतून आला, पायात चपला घातल्या आणि दुकानाकडे निघून गेला. त्यानं पुन्हा कधी गाणं बंद करायला सांगितलं नाही आणि गाण्याच्या वेळी तो कधी थांबलाही नाही. समतानंही त्यानंतर कुणा पाहुण्याला त्या वेळी आत घेतलं नाही. साळजाईला अण्णांना नेण्याची गोष्ट तिनं काढली नाही. एकदा मात्र ती एकटीच सकाळच्या एसटीनं गेली. पिशवीत खण-नारळ होता. प्रबोधनं तिला मोटरसायकलवरून स्टँडवर सोडलं. कुठे चाललीस हे त्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. संध्याकाळी आणायलाही तोच गेला.

अण्णा त्यानंतर वर्षभर राहिले. हळूहळू दहा-बारा वाक्यं झाली. 'चहा दे', 'खिडकी लाव', 'पाय दुखतो'. चाल पुसट होत गेली, पूर्ण कधी गेली नाही. ते गेले तेव्हा, झटक्याच्या आधीच त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं तसा त्यांचा देह मेडिकल कॉलेजला दिला गेला. समतानं विरोध केला नाही. तेराव्या दिवशी तिनं गडहिंग्लजला आपल्या घरी जे करायचं ते केलं. मला दोन्हीकडून बोलावणं होतं. मी दोन्हीकडे गेले. अजूनही बाजारात भेटला की प्रबोध थांबतो, मुलांची चौकशी करतो. कधीतरी मध्येच म्हणतो, "मॅडम, तुम्हाला मनातून काय वाटतं?" मी त्याला तेच उत्तर देते. मला माहीत नाही.

पण ती थंडीतली एक सकाळ सांगायची राहिली.

समता स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. मी नेहमीसारखी अण्णांच्या पलंगाशी बसले. प्रबोध आतून आला, मला नमस्कार केला, शर्टाची बटणं लावत दारापाशी गेला. एक चप्पल त्याच्या पायात होती, दुसरी तो पायानंच सरळ करत होता.

मी अण्णांच्या हातावर ठेका धरला. त्यांनी हात काढून घेतला. मला वाटलं, आज मन नाही. त्यांनी तो हात पलंगाच्या लाकडावर ठेवला आणि स्वतःच ठेका द्यायला सुरुवात केली. आधी नुसतं गुणगुणले. मग थांबले. चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा ताठल्या. असं काहीही मी त्यांना शिकवलेलं नव्हतं.

"प्र... बोध... बा... ळा..."

प्रबोध वळला.

"इथं... ब... बैस रे."

चाल साळजाईचीच होती. जराही फरक नव्हता. ज्याला ती ऐकायची नव्हती त्याच्याही ते लक्षात आलं, त्याच्या तोंडावर दिसलं मला. घरात एवढ्या दिवसांत कुणाचंच नाव अण्णांच्या तोंडून निघालं नव्हतं. बहिणीचं नाही, भावाचंही नाही.

समता पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, वास येत होता. कुणी हललं नाही.

प्रबोधनं पायातली चप्पल काढली. येऊन पलंगाच्या कडेला, बापानं जिथे ठेका दिला होता तिथे बसला. अण्णांनी डोळे मिटून घेतले. एवढ्याशा बोलण्यानं त्यांना धाप लागली होती. कुणी त्यांना काहीही विचारलं नाही.

मी माझी खुर्ची आवाज न करता मागे सरकवली. त्या दिवशीचा पाठ मी घेतला नाही.